मुक्त बाजाराचे समर्थक सरकारच्या प्रत्येक खर्चाला विरोध करतात का?

खुल्या अर्थव्यवस्थेचा पुरस्कार करणाऱ्यांना 'लाडकी बहीण' योजना एवढी का खुपते आणि सरकारने गरिबांवर काहीच खर्च करू नये असे त्यांचे म्हणणे आहे का, असा तुमचा प्रश्न आहे. मी नागपूरचा आहे आणि माझी मते बाजाराच्या बाजूची आहेत. माझ्यापुरते उत्तर असे की, सरकारने किती खर्च केला याआधी तो करताना नागरिकाचा कोणता निर्णय आपल्या हाती घेतला, हे मी पाहतो. या कसोटीवर लाडकी बहीण ही आपल्या राज्यातली सर्वांत वाईट योजना ठरत नाही.

तो मान माझ्या मते कापूस एकाधिकार खरेदी योजनेचा आहे. 1971 च्या कायद्याने ती आली आणि 1972 पासून राज्यातल्या शेतकऱ्याला सरकारी यंत्रणेखेरीज कोणालाही कापूस विकण्याची मुभा राहिली नाही. आमची शेती सावनेर तालुक्यात होती. संकलन केंद्रापुढे बंड्यांची रांग, ग्रेडर कोणती प्रत लावतो याची धास्ती आणि हप्त्याहप्त्याने हाती पडणारे चुकारे, हे सारे घरात नेहमीच्या बोलण्यातले होते. मध्य प्रदेशातले सौंसर तिथून जवळच. तिकडे भाव चढा असला की कापूस रात्रीतून सीमेपार जाई आणि स्वतःच्या शेतातले पीक विकणारा माणूस कायद्याच्या लेखी तस्कर ठरे. उलट आपल्याकडचा सरकारी भाव जास्त असला की बाहेरचा कापूस आपल्या केंद्रांवर येई आणि त्याचा तोटा तिजोरी सोसे. म्हणजे भाव वर असो वा खाली, तोटा ठरलेलाच. शेतकरी नेते शरद जोशी आणि त्यांची शेतकरी संघटना विक्रीचे स्वातंत्र्य मागत होते ते याच अनुभवावरून. खासगी खरेदीला वाट मिळायला 2002 साल उजाडावे लागले.

त्या तुलनेत महिलेच्या बँक खात्यात थेट 1,500 रुपये जमा होतात, तेव्हा त्या पैशांतून औषध आणायचे, मुलाची फी भरायची की शिलाई मशीनचा हप्ता द्यायचा, हे तीच ठरवते. मधे ग्रेडर नाही. माझा आक्षेप पैसे देण्याला नसून ते कुठून आणले आणि कोणाला दिले, याला आहे. योजना जून 2024 मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या काही महिने आधी जाहीर झाली. पात्रतेची कसून पडताळणी मात्र निवडणुकीनंतर झाली आणि 2025 मध्ये सुमारे 26 लाख लाभार्थ्यांचे हप्ते थांबवावे लागले. 2025-26 च्या अर्थसंकल्पात योजनेसाठी 36 हजार कोटींची तरतूद होती आणि त्याच अर्थसंकल्पात महसुली तूट 45 हजार कोटींच्या वर दाखवली होती. महसुली तूट म्हणजे रोजचा खर्च महसुलाहून जेवढा जास्त तेवढी रक्कम; ती भागवायला कर्ज काढावे लागते. ते पुढे फेडणाऱ्यांत याच बहिणींची मुले असतील.

साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना दिलेली मोफत वीज मला याहून अधिक खटकते. रोख रक्कम किती गेली हे निदान कळते. जिथे पंपाला मीटरच नाही तिथे वापर अंदाजाने धरला जातो आणि वीजगळती त्या अंदाजात सहज लपते. शिवाय शेतीच्या सवलतीच्या दराचा काही भार क्रॉस सबसिडीच्या रूपाने उद्योगांच्या बिलात चढतो. मग नागपूरजवळच्या हिंगणा-बुटीबोरीतला कारखानदार छत्तीसगडच्या दरांकडे बोट दाखवतो, यात नवल नाही.

मात्र हाच कारखानदार वीजदरात सवलत मागतो, तेव्हा आमच्यातले अनेक जण गप्प बसतात. सामूहिक प्रोत्साहन योजना 1964 पासून वेगवेगळ्या रूपांत चालू आहे आणि तिच्यातून उद्योगांना करपरतावा मिळतो. त्याला कोणी 'रेवडी' म्हणत नाही. डिसेंबरच्या हिवाळी अधिवेशनात पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पाव्यतिरिक्तच्या जादा खर्चाच्या मागण्या, इथेच, आपल्या नागपुरात मांडल्या जातात. 2024 मध्ये त्या सुमारे 35,788 कोटींच्या होत्या. त्यांचे पुस्तक हाती आले तर लाडक्या बहिणींच्या आकड्यासोबत उद्योगांच्या प्रोत्साहन अनुदानाचा आकडाही शोधा आणि बाजारवादी म्हणवणाऱ्या आम्हा मंडळींना दोन्हींबद्दल एकाच वेळी विचारा.