ध्यान शिबिरावरून परतलेली मैत्रीण झोपत नाही. तिला ध्यान सुरू ठेवायला सांगावे का?

अंधेरीत आपल्याबरोबर खोलीत राहणारी मैत्रीण दहा दिवसांच्या मौन शिबिरावरून परतल्यापासून रात्रभर जागी असते, ‘मी खरी वाटत नाही’ असे म्हणते, शिबिरातील आचार्य तिला ध्यानाला बसत राहण्यास सांगतात आणि साताऱ्याला तिच्या घरी अजून काहीच कळवलेले नाही, असे आपण लिहिले आहे. ध्यान सुरू ठेवायला सांगावे का, या प्रश्नाचे माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. आजपासून ते पूर्ण बंद करावे. हे मी इतक्या ठामपणे लिहिते, कारण माझ्या धाकट्या भावाच्या वेळी हाच शब्द उच्चारायला मी अकरा दिवस उशीर केला.

२०१५ च्या पावसाळ्यात तो अशाच एका शिबिरावरून परळच्या घरी परतला. वय सत्तावीस, बँकेत नोकरी, मनाचा कोणताही आजार पूर्वी नाही. तीस वर्षे सकाळ-संध्याकाळ नियमाने ध्यानाला बसणाऱ्या आमच्या आप्पाकाकांनीच त्याला आग्रहाने पाठवले होते. पहिले दोन दिवस तो इतका हळवा झाला होता की प्रत्येकाशी बोलताना त्याचे डोळे भरून येत, आणि घरात सर्वांना ते शिबिराचे फळ वाटले. तिसऱ्या रात्री झोप गेली. डोळे मिटले की लक्ष आपोआप श्वासावर जाई आणि काही केल्या तेथून सुटत नसे. अंगभर मुंग्यांसारखे प्रवाह वाहत राहत. कामावर जायला निघाला, तर लोकलचा कंप कोणता आणि स्वतःच्या अंगातला कोणता हे त्याला कळेनासे झाले, म्हणून भायखळ्याला उतरून तो माघारी आला आणि मला म्हणाला, “ताई, हा हात मला दिसतो, पण तो माझा आहे असे वाटत नाही.”

आचार्यांनी फोनवर सांगितले की जुने संस्कार वर येत आहेत, समतेने पाहत राहावे. आप्पाकाकांनी कुंडलिनी जागी झाल्याचे निदान केले आणि उशाशी बसून, कुंडलिनीचे वर्णन असलेला ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय वाचायला घेतला. भावाने दोन तासांचे ध्यान पाच तासांवर नेले. अकराव्या रात्री दोन वाजता तो गॅलरीचा कठडा घट्ट धरून उभा होता आणि म्हणाला, “ताई, मला आत घेऊन चल, मला माझा भरवसा वाटत नाही.” सकाळी मी त्याला पालिकेच्या रुग्णालयातील मनोविकार विभागात नेले. डॉक्टरांनी आधी झोपेचे तास विचारले, ध्यान थांबवायला सांगितले आणि थोड्या दिवसांची औषधे दिली. झोप तीन आठवड्यांत बसली. हात स्वतःचा वाटायला मात्र चार महिने लागले.

गोळ्यांनी साधना मोडली, असे काका आजही म्हणतात. ज्या सहाव्या अध्यायाचा ते आधार घेत होते, त्याच्याच मूळ गीतेतील सोळावा श्लोक सांगतो की अति खाणाऱ्याला किंवा मुळीच न खाणाऱ्याला, अति झोपणाऱ्याला किंवा जागत राहणाऱ्याला योग साधत नाही. आठ-नऊ रात्री जागलेल्या मुलाला आणखी बसवणे हे त्यांच्याच परंपरेत बसत नाही. चुकीच्या पद्धतीने केले म्हणून त्रास झाला, हे म्हणणेही मला क्रूर वाटते. जपानचे झेन गुरू हाकुइन यांनी अतिसाधनेतून आलेल्या स्वतःच्या आजाराचे वर्णन लिहून ठेवले आहे. अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठाच्या विलोबी ब्रिटन आणि जॅरेड लिंडाल यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भीती, निद्रानाश, परकेपणा असे अनुभव अनुभवी साधकांनी आणि स्वतः शिकवणाऱ्यांनीही सांगितले आहेत, आणि त्यांतील अनेकांना पूर्वीचा मानसिक आजार नव्हता. त्रास काहींना काही दिवस, तर काहींना वर्षानुवर्षे झाला. २०२० मधील एका आढाव्यात ध्यान करणाऱ्यांत अशा त्रासाचे प्रमाण सुमारे ८ टक्के निघाले. प्रत्येक शिबिराच्या पहिल्याच दिवशी हे सांगितले गेले पाहिजे.

तिच्याशी कसे बोलावे, हेही आपण विचारले आहे. हा साक्षात्कार की आजार, हा वाद तिच्यासमोर घालू नका. तो आज रात्री सुटण्याची गरज नाही. ती जे सांगते ते तिला खरोखर होत आहे, एवढे मान्य करा. ‘डोळे मिटून शांत बस’, ‘दीर्घ श्वास घे’ असे चुकूनही सांगू नका, कारण तिचे लक्ष नेमके तेथेच अडकले आहे. मी भावाला मटार सोलायला, मेथी निवडायला बसवत असे, वेळेवर भाकरी-पिठले वाढत असे आणि संध्याकाळी शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती चालवत असे. हातांना काम मिळाले की श्वासाची पकड सैल होते, असे तो सांगे. डॉक्टरांपासून शिबिराची गोष्ट लपवू नका. आध्यात्मिक अडचण आजार न ठरवता नोंदवण्याची सोय अमेरिकेच्या मनोविकार वर्गीकरणात १९९४ पासून आहे, त्यामुळे डॉक्टरांकडे गेले की वेड्याचा शिक्का बसतो ही भीती सोडा.

मी डॉक्टर नाही, शाळेत शिकवते, आणि ध्यानाने ज्यांचे भले झाले अशी माणसे माझ्या ओळखीत आहेत. आप्पाकाका त्यांपैकीच एक. आपल्या मैत्रिणीचे सगळे माझ्या भावासारखेच असेल असेही नाही. परंतु ती मरणाविषयी बोलू लागली, तिला आवाज ऐकू येऊ लागले किंवा सलग दोन-तीन रात्री मुळीच झोप नसेल, तर तिला एकटी सोडू नका आणि सकाळच्या ओपीडीची वाट न पाहता थेट आपत्कालीन विभागात न्या. १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या, क्रमांकावर मराठीतून बोलता येते.

साताऱ्याला फोन आजच करा, आणि तो तिला विचारून, तिच्यासमोर करा. तिच्या आईला कुंडलिनी वगैरे काही सांगू नका; मुलगी इतक्या रात्री झोपलेली नाही, घाबरलेली आहे, डॉक्टरकडे जात आहोत, आपण या, एवढेच सांगा. आमच्या आईला आम्ही अकराव्या दिवशी सांगितले, आणि ते तिने मला अजून माफ केलेले नाही.