गावातलं वाचनालय ओस पडलंय. लोक आत यावेत म्हणून कोणते कार्यक्रम, कोणती प्रदर्शनं भरवावीत?

तुम्ही लिहिलंय की गाव तालुक्याचं, वाचनालय जुनं, तुम्ही नुकतेच कार्यकारी मंडळावर आलात. सकाळी पेपर वाचणारे चार आजोबा आणि अभ्यासिकेतली पोरं सोडली तर कुणी फिरकत नाही, आणि हातात पैसा नाही. आमच्याकडे अगदी हेच होतं. मी सांगली जिल्ह्यात, कृष्णाकाठच्या एका गावात औषधाचं दुकान चालवतो आणि नऊ वर्षं वाचनालयाचा कार्यवाह आहे. पहिली तीन वर्षं नुसत्या चुकाच केल्या, म्हणून आधी त्याच सांगतो.

आपल्याकडे वाचनालयाचा कार्यक्रम म्हटला की व्याख्यान. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली, पुढे तिचं लोण गावोगाव पोचलं. आमच्याकडेही एके काळी चौक भरायचा म्हणे. मग मीही हौसेनं तीन दिवसांची व्याख्यानमाला ठेवली. बाहेरगावचे वक्ते, गाडीभाडं, मानधन, शाल, नारळ, फ्लेक्स. पहिल्या दिवशी श्रोते एकोणीस. त्यातले नऊ मंडळाचेच, दोघे वक्त्यांबरोबर गाडीतून आलेले, एक माइकवाला. प्रास्ताविक, परिचय आणि सत्कारातच पाऊण तास गेला. वर्षाची शिल्लक तिथंच संपली. वक्ते वाईट नव्हते हो, चांगलं बोलले. पण घरबसल्या मोबाइलवर वाटेल तो वक्ता ऐकू येत असताना माणसानं चपला घालून आपल्या हॉलमध्ये का यावं, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

ते मिळालं दुकानात. एक आजी दर महिन्याला बीपीच्या गोळ्या न्यायला यायच्या. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या त्यांनी एका पिवळ्या पडलेल्या कागदाच्या घडीत जपून ठेवलेल्या असत. एकदा तो कागद उलगडून पाहिला तर त्यांचीच लग्नपत्रिका, १९६८ ची. लाल शाईची छपाई, कोपऱ्याला हळदकुंकवाचा डाग. म्हटलं, आजी, आठ दिवस द्याल? त्यांनी दिली, वर बजावलं, “हरवलीस तर दुसरं लग्न लावून द्यावं लागेल.”

मग मी एक रबरी शिक्का करून घेतला: ‘घरात जुनी लग्नपत्रिका आहे? वाचनालयाला आठ दिवस द्या. परत मिळेल.’ गोळ्यांच्या प्रत्येक पाकिटावर तो उमटवायला लागलो. जाहिरातीचा खर्च एवढाच. तीन आठवड्यांत एकशे चाळीसच्या वर पत्रिका जमल्या.

असं प्रदर्शन माझ्या हातून पुन्हा होईल असं वाटत नाही. सगळ्यांत जुनी पत्रिका १९३१ ची होती. जुन्या पत्रिकांत ‘यांचा शरीरसंबंध अमक्यांच्या कन्येशी करण्याचे योजिले आहे’ असं सरळ छापलेलं असे. कॉलेजच्या मुली ते वाचून एकमेकींच्या अंगावर पडून हसत होत्या, आणि शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या आज्यांना त्यात हसण्यासारखं काय आहे तेच कळत नव्हतं. १९८० नंतरच्या पत्रिकांवर फोन नंबर दिसायला लागतात आणि पुढे कंसात ‘पी. पी.’. पोरांनी विचारलं हे काय? मग फोन शेजारच्या किराणा दुकानात असायचा, दुकानदार हाक मारायचा, तोवर पलीकडचा माणूस ताटकळायचा, हे सगळं सांगायला तिथं दहा माणसं पुढं सरसावली. नव्वदीत ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!’ आलं. माझं स्वतःचं नाव अशाच एका पत्रिकेत तळाला सापडलं, ‘किलबिल’खाली.

आठ दिवसांत वहीत सहाशेच्या वर सह्या झाल्या. तीन गल्ल्या पलीकडं राहणारी, पण वाचनालयाची पायरी जन्मात न चढलेली माणसं आली. आपली पत्रिका कुठं लावलीय ते बघायला यायची, ती सापडली की बहिणीला, जावेला घेऊन पुन्हा यायची. त्या महिन्यात नवे सभासद झाले एकतीस. व्याख्यानमालेनंतर किती झाले होते? एक. तोही माइकवाला.

म्हणून बाहेरून काही आणण्याच्या आधी गावाच्या ट्रंका आणि माळे उघडायला लावा. दुसऱ्या वर्षी आम्ही पुराचे फोटो मागवले. २००५, २०१९ आणि २०२१, असे तीन पूर आमच्या डोळ्यांदेखतचे. ज्या गल्लीत जितकं पाणी चढलं होतं तितक्या उंचीवर भिंतीला सुतळी ताणली आणि तिच्याखाली त्या गल्लीचे फोटो. गल्लीचा नकाशा अभ्यासिकेतल्या मुलांनी खडूनं फरशीवर काढला. लोक यायचे, सुतळीखाली उभे राहायचे, हातानं उंची मोजायचे आणि वाद घालायचे. एकानं रागानं सुतळी वीतभर वर बांधली, दुसऱ्या दिवशी कुणीतरी पुन्हा खाली आणली. मग आम्ही दोन्ही उंचींवर एकेक सुतळी ठेवली. २०१९ मध्ये सांगलीच्या नगर वाचनालयात पाणी शिरून हजारो पुस्तकं भिजली होती. तेव्हापासून आमच्या मंडळात ‘खालच्या फळीवर काय ठेवायचं’ हा विषय निघायचा आणि तसाच राहायचा. या प्रदर्शनानंतर सगळ्या जुन्या पोथ्या आणि बांधीव अंक एकदाचे वरच्या मजल्यावर गेले.

एक गोष्ट मला उशिरा सुचली, तुम्ही पहिल्याच दिवसापासून करा. प्रदर्शनाशेजारी टेबलावर पुस्तकं मांडा, आणि ती तिथल्या तिथं घरी नेता आली पाहिजेत. देवघेवीची वही आणि ग्रंथपाल, दोन्ही प्रदर्शनाच्या खोलीत बसवा. पत्रिकांच्या वेळी आम्ही ते केलं नाही. लोक आले, हसले आणि पुस्तकांच्या कपाटांकडे पाठ करून गेले. पुराच्या वेळी नदी, पाऊस, शेती, जुन्या आठवणी अशी दीडशे पुस्तकं समोरच ठेवली. तिसऱ्या दिवशी टेबल निम्मं रिकामं.

आता जपायची बाजू. पत्रिकांच्या प्रदर्शनात एका घरचा फोटो आमच्याकडून हरवला. पत्रिकेत घडी घालून दिला होता, आम्ही बघितलाच नाही. ते गृहस्थ आजही माझ्या दुकानात येत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. तेव्हापासून वस्तू घेताना दुहेरी पावती, त्याच वेळी मालकासमोर मोबाइलवर फोटो, आणि आत-बाहेर काय आहे ते पावतीवर लिहायचं. अस्सल कागदाला फेविकॉल, सेलोटेप, टाचणी लावायची नाही. पारदर्शक पिशवीत घालून पिशवीला चिमटा लावायचा. फारच जीर्ण असेल तर भिंतीवर रंगीत झेरॉक्स, अस्सल मालकाच्या घरी.

वार म्हणाल तर आठवडी बाजाराचा. रविवारी गाव झोपलेलं असतं. बाजाराच्या दिवशी आसपासच्या वाड्यावस्त्यांवरची माणसं पिशवी घेऊन येतात आणि परतीच्या एसटीला तासभर असतो. त्यांना पंख्याखाली बसायला जागा आणि माठातलं पाणी दिलं की निम्मं काम झालं. संध्याकाळी सातनंतर मालिका सुरू होतात, त्यांच्याशी स्पर्धा करू नका.

२७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, १२ ऑगस्टचा ग्रंथपाल दिन, १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन हे करावेच लागतात. तपासणीला आलेले साहेब कार्यक्रमांची नोंदवही आणि फोटो बघतात. करा, फोटो काढा, फायलीला लावा. शाळेची मुलं रांगेनं आणून बसवली म्हणजे वाचक वाढले, असं मात्र धरू नका.

दिवाळी अंकांचं तसं नाही, ते मनापासून करा. १९०९ साली ‘मनोरंजन’नं दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणसाला ही चटक आहे. आमच्याकडे पूर्वी अंक कपाटात, काचेआड. आता सतरंजीवर पसरतो, पहिले दोन दिवस कुणीही हाताळावेत, मग दिवाळी अंक योजनेत नाव नोंदवून घरी न्यावेत. पानं दुमडतात, एखादा अंक भजीचा वास लागून परत येतो. चालतं.

त्याच सतरंजीवर आमची पुस्तक भिशी जन्मली. बारा बायका, महिना शंभर रुपये, चिठ्ठी जिची निघेल तिनं बाराशेची पुस्तकं निवडायची. बाराही जणींनी वाचून झाली की ती वाचनालयात जमा. निवडीत मंडळानं नाक खुपसायचं नाही, हा त्यांचा ठराव. पहिल्याच महिन्यात दोन पाककृतींची आणि एक भुताखेतांचं आलं तेव्हा आमच्या अध्यक्षांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. आता कादंबऱ्या, आत्मचरित्रं, सगळं येतं, आणि भुताखेतांचं पुस्तक सगळ्यांत जास्त वेळा घरी गेलंय.

फ्लेक्स टाळा, असं माझं स्पष्ट मत. फ्लेक्स आला की त्यावर फोटो कुणाचा आणि कितवा यावरून रुसवेफुगवे आले.

तुमच्याकडे आज काहीच जमलेलं नाही, तेव्हा सुरुवात घरातूनच करा. वाचनालय जुनं आहे म्हणता, म्हणजे कपाटात दाखल नोंदवहीचा, आलेलं प्रत्येक पुस्तक जिच्यात नोंदतात तिचा, पहिला खंड असणार. तो काढा, धूळ झटका, पेपरच्या टेबलाशेजारी उघडा ठेवा. पुस्तकं कुणी भेट दिली त्यांची नावं त्यात असतात, वळणदार अक्षरात. रोज एक पान उलटा. ते चार आजोबा पेपर बाजूला ठेवून त्यात आडनावं शोधायला लागतील, आणि ज्याचे वडील किंवा चुलते सापडतील तो दुसऱ्या दिवशी नातवाला घेऊन येईल. फक्त वहीजवळ कुणाला चहाचा कप ठेवू देऊ नका.