गरोदरपणात दारू-मशेरी झाली असेल, तर मूल पुढे अभ्यासात मागे पडतं का?

ताई, तुम्ही विचारलंय की जाऊबाईंनी गरोदरपणात मशेरी लावली, अधूनमधून दारूही घेतली, शिवाय बाळाला सर्दीत ब्रँडी चाटवली. आता पोरगा तिसरीत आहे आणि आज पाठ झालेला पाढा उद्या पुसला जातो. याचा त्याच्याशी संबंध असेल का?

असू शकतो. पण तिन्हींचं वजन सारखं नाही. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर भागात प्राथमिक शाळेत शिकवते, म्हणून स्पष्टच सांगते.

सर्वांत घातक ती पोटात असतानाची दारू. ती वारेतून गर्भाच्या रक्तात उतरते आणि मेंदू तर नऊही महिने घडत असतो, त्यामुळे ‘एवढी चालते’ असं प्रमाणच नाही. अशा मुलांच्या खुणा १९७३ साली सिअ‍ॅटलच्या डॉक्टरांनी मांडल्या: पातळ वरचा ओठ, नाकाखालची सपाट खाच, लहान डोळे. पण बहुतेकांच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नाही. गणित, लक्ष, दोन-तीन सूचना एकदम डोक्यात धरणं, अडतं ते इथे. मग पोर ‘ऐकत नाही’ म्हणून मार खातं. याची मला फार चीड येते.

मशेरी निपाणी-चिकोडीकडे कित्येक घरांत असते. तिच्यातलं निकोटिनही गर्भापर्यंत पोचतं. बाळ कमी वजनाचं किंवा अपुऱ्या दिवसांचं होण्याचा धोका वाढतो आणि अशा बाळांना शिकताना अडचणी जास्त येतात. ब्रँडीच्या थेंबांवर मात्र पाढ्यांचं खापर फोडू नका. तरी ती देऊ नयेच, तान्ह्या बाळाची रक्तातली साखर घसरू शकते.

आधी कान-डोळे तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक सरकारी शाळेत येतं, त्यांना दाखवा. पुढच्या तपासणीसाठी धारवाडचं डिमहान्स, म्हणजे मेंदू आणि मनाच्या आजारांचं सरकारी रुग्णालय आहे. घरी मराठी आणि शाळा कन्नड असेल तर तेही सांगा. न कळणाऱ्या भाषेतल्या चाचणीत हुशार पोरही मागे दिसतं.

आणि दारूचं लपवू नका. चेहऱ्यावर खुणा नसल्या की दारूच्या परिणामाचं निदान बरंचसं आईने दिलेल्या माहितीवर अवलंबून असतं. सासरच्या माणसांसमोर जाऊबाई बोलणार नाहीत, म्हणून त्यांना डॉक्टरांशी एकटीने बोलू द्या.

तोवर घरी एका वेळी एकच सूचना द्या, हिशेब खऱ्या नाण्यांवर करून घ्या. विसरला तर न चिडता पुन्हा पहिल्यापासून दाखवा.