पन्हाळ्याची ‘अंडी’ आणि इतर साठलेले प्रश्न

पाऊस उघडला की माझ्या फोनवर अंडी यायला लागतात. कोंबडीची नव्हे, डायनोसॉरची. रस्त्याकडेची माती वाहून गेलेली असते, कुठंतरी दरड आलेली असते, आतले गोल दगड उघडे पडतात, एकजण फोटो काढतो आणि संध्याकाळपर्यंत तोच फोटो मला पाच ग्रुपवरनं येतो. कॉलेजात भूशास्त्र शिकवण्यात जन्म गेला, रिटायर झाल्यावर तरी हे थांबेल वाटलेलं, उलट वाढलंय. म्हणून साठलेले प्रश्न एकदाच घेतो.

प्र. पन्हाळ्याला जाताना कटिंगमध्ये फुटबॉलएवढे गोल दगड दिसले, वरचं कवच सोलून निघतंय. मित्र म्हणतोय डायनोसॉरची अंडी, यूट्यूबवर पण असंच दाखवलंय. (कसबा बावडा)

उ. यूट्यूबवर काय दाखवत नाहीत? हा आपला काळा पाषाण आहे, बेसॉल्ट. लाव्हा थंड होताना त्याला उभ्या-आडव्या भेगा पडतात, दगडाचे ठोकळे होतात, भेगांतनं पाणी शिरतं. ठोकळ्याच्या कोपऱ्याला पाणी तीन बाजूंनी लागतं म्हणून कोपरे आधी कुजतात आणि हळूहळू ठोकळा गोल होतो, कांद्यासारखे पापुद्रे सुटतात, मधे घट्ट गाभा राहतो. तो सुटलेला पापुद्रा हातानं चुरून बघा, मुरूम होतो, तोच मुरूम जो पावसाळ्याच्या तोंडावर तुमच्या गल्लीतल्या खड्ड्यात टाकतात.

आणि मुख्य गोष्ट ऐका. दख्खनच्या लाव्हाचे थर एकावर एक रचलेले आहेत आणि अभ्यासकांनी त्यांचे गट पाडून नावं दिलीत. त्यातल्या एका गटाचं नावच पन्हाळा आहे, तो महाबळेश्वर गटाच्याही वर येतो, म्हणजे शेवटी शेवटी आलेला लाव्हा. आजच्या मोजमापांनुसार तो वाहिला तेव्हा डायनोसॉर बहुतेक संपलेले होते. अंडी घालणार कोण?

खरी अंडी बघायची असतील तर मध्य प्रदेशात धार जिल्ह्यात जा. तिथं लाव्हाच्या खालच्या चुनखडीयुक्त थरात टायटॅनोसॉरची ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदवलेली आहेत, २०२३ च्या जानेवारीत तो अभ्यास छापून आला. एवढ्या अवाढव्य प्राण्याचं अंडं साधारण १५ ते १७ सेंटिमीटरचं, म्हणजे तुमच्या फुटबॉलपेक्षा लहानच. त्याच भागात काही घरांत असे गोल दगड काकर भैरव म्हणून पिढ्यानपिढ्या पूजेला होते, शेताची राखण करतो म्हणून, आणि त्यातले काही खरोखर अंडी निघाले. तेव्हा गोल दगड दिसल्यावर विचारायला हरकत नाही, पण विचारा, आधी पुढं पाठवू नका.

प्र. डायनोसॉरच्या हाडाचं कार्बन डेटिंग कुठं करून मिळेल?

उ. कुठंच नाही. कार्बन-१४ दर ५,७३० वर्षांनी निम्मा होतो, साधारण पन्नास हजार वर्षांपुढं मोजण्यासारखं काही उरत नाही, डायनोसॉर ६.६ कोटी वर्षांपूर्वी गेले.

प्र. आमच्या हॉलच्या शहाबादी फरशीत फर्नची पानं उमटलीत, अगदी शिरांसकट. फॉसिल का? (शाहूपुरी)

उ. नाही. भेगेत झिरपलेल्या मँगनीजची नक्षी आहे ती, आणि ही फरशी ज्या समुद्राच्या तळाशी बनली त्या काळी जमिनीवर झाडंच नव्हती.

प्र. गारगोटीहून लिहितोय. विहिरीच्या दगडात पांढऱ्या सुयांचे झुपके आहेत, किड्यांची घरं असतील का?

उ. तुमच्या गावाच्या नावातच उत्तर आहे की. लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळीत नंतर खनिजं भरली, झिओलाइट म्हणतात, किड्याचा संबंध नाही.

प्र. आपल्या पायाखालच्या या लाव्हानंच डायनोसॉर मारले का उल्केनं? मुलानं विचारलं आणि मी अडकलो. (राजारामपुरी)

उ. मुलाला सांगा की मोठी माणसं पण अजून भांडतायत. १९८० साली लुई आणि वॉल्टर अल्वारेझ या बापलेकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की त्या काळच्या मातीच्या पातळ थरात इरिडियम फार जास्त आहे, आणि हा धातू पृथ्वीच्या कवचात जेमतेम असतो, लघुग्रहात भरपूर. मग मेक्सिकोत चिक्शुलूबला जमिनीखाली गाडलेलं सुमारे १८० किलोमीटर रुंदीचं विवर ओळखलं गेलं. म्हणजे धडक झाली यात शंका नाही. पण दख्खनचा लाव्हा त्याच्या आधीपासून वाहत होता आणि नंतरही वाहत राहिला, त्यातनं गंधकाचा वायू, कार्बन डायऑक्साइड किती निघाला असेल विचार करा. २०१९ मध्ये संशोधकांच्या दोन गटांनी लाव्हाची वयं फार बारकाईनं मोजली तरी सगळ्यात मोठे लोट धडकेच्या आधीचे का नंतरचे यावर त्यांचं एकमत झालं नाही. माझं मत विचाराल तर शेवटचा घाव धडकेचा, पण आजारी माणसाला बसलेला.

आता यातली आपल्या घरची गंमत. सह्याद्रीतनं खाली उतरताना काळ्या दगडात मधेच विटकरी रंगाची आडवी पट्टी दिसते बघा, आपण गाडी न थांबवता जातो. एक लाव्हा थंड झाला, पुढचा यायच्या आधी मधे बराच काळ गेला, तेवढ्यात वरचा दगड कुजून माती झाली, कधी त्यात राखही पडली, मग पुढच्या लाव्हानं ती भाजून गाडली. अशा तांबड्या थरांतले झिरकॉन नावाच्या खनिजाचे बारीक कण वेचूनच २०१९ च्या त्या दोन गटांपैकी एकानं वयं काढली. जगातल्या एवढ्या मोठ्या भांडणाचा पुरावा आपल्या घाटात आहे आणि आपण तिथं थांबतो ते फक्त भजी खायला.

आणि हो, सगळे मेले असं मुलाला सांगू नका. त्या वेळी सुमारे तीन चतुर्थांश प्रजाती गेल्या, पण कासवं राहिली, मगरी राहिल्या, बेडूक राहिले, आणि डायनोसॉरांची एक शाखा तर अजून तुमच्या खिडकीत बसून घाण करते. कबुतर.

प्र. पूजेसाठी शाळिग्राम घ्यायचाय. दुकानदार म्हणतो आत जेवढी चक्रं जास्त तेवढी किंमत, एकाचे अकरा हजार सांगतोय. तो फॉसिल असतो म्हणतात, मग ओरिजनल कसा ओळखायचा?

उ. पूजा तुमची, त्यात मी पडत नाही. दगडाचं सांगतो. नेपाळात काली गंडकीत मिळणाऱ्या ज्या शाळिग्रामात चक्र दिसतं ते अमोनाइट नावाच्या समुद्री प्राण्याचं शंखासारखं कवच, माकुळाच्या लांबच्या नात्यातला प्राणी, डायनोसॉरांबरोबरच संपला. हिमालय उठायच्या आधी तिथं समुद्र होता, हे त्या चक्रातनं कळतं, एवढ्यावरच खरं तर नमस्कार करावा. पण बाजारात काळ्या दगडावर मशीननं कोरलेलं चक्र आणि साच्यात ओतलेला माल भरपूर आहे. खऱ्या चक्राच्या बरगड्या आत जाताना बारीक होत जातात, कुठं झिजलेल्या, कुठं तुटलेल्या असतात. दोन दगड हुबेहूब सारखे दिसले तर पैसे खिशात ठेवा. अकरा हजार द्यायच्या आधी भूशास्त्राच्या कुणाही शिक्षकाला दाखवा, चहावर काम होईल.

प्र. ऑनलाइन ७९९ ला अंबरमधला डास मिळतोय, घेऊ का? त्यातनं डायनोसॉरचा डीएनए निघेल का?

उ. प्लॅस्टिक असणार, घेऊ नका. डीएनए एवढा टिकत नाही, आजवर वाचलेला सगळ्यात जुना डीएनए सुमारे वीस लाख वर्षांचा आहे.

प्र. मेव्हणा चंद्रपूरकडं वरोऱ्याला रस्त्याच्या कामावर होता. तिथल्या शेतातनं त्यानं पिशवीभर पिळदार दगड आणलेत, बोटाएवढे ते मुठीएवढे, कुणीतरी फॉसिल म्हणालं. एक फोडून बघितला, बाकीचे बाथरूमच्या ॲसिडनं धुतले आणि चमक यावी म्हणून तेल लावलं. किंमत काय येईल? (इचलकरंजी)

उ. किंमत मी सांगत नाही, कुणालाच नाही, आणि तुमचा प्रश्न वाचून मला रात्री जेवण गेलं नाही.

फोटोवरनं खात्रीनं बोलता येत नाही. पण वरोऱ्याजवळ पिसदुरा नावाचं गाव आहे, तिथल्या शेतात डायनोसॉरची विष्ठा दगड होऊन पडलेली सापडते. हसू नका. तसल्याच दगडांचा बारीक चुरा करून लखनौच्या बीरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद आणि सहकाऱ्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं, तर त्यात गवताच्या पेशींत तयार होणारे सिलिकाचे कण मिळाले. २००५ साली ते छापून आलं. तोपर्यंत पुस्तकात काय होतं? गवत डायनोसॉर गेल्यानंतर आलं. एका शेणाच्या गोळ्यानं गवताचा इतिहास मागं नेला, कारण हाड सांगतं प्राणी कसा होता, आणि हे सांगतं तो काय खात होता.

आता तुमच्या दगडांकडं या. ॲसिडनं चुन्याचा भाग खाल्ला, भेगांत तेल मुरलं, उद्या कुणी तपासायला घेतले तर आधी तुमचं गोडेतेलच सापडायचं. तरीपण त्याहून मोठं नुकसान मेव्हण्यानं केलंय, त्याला ते कळलेलंही नाही. कुठलं शेत? वर पडलेले का नांगराला लागलेले? माती तांबडी का हिरवट? शेजारी हाडाचे तुकडे होते का? जागा माहीत नसलेला जीवाश्म म्हणजे पत्ता फाटलेलं पत्र, आत मजकूर आहे पण कुणी, कुठनं लिहिलं ते गेलं. मी नोकरीत असताना एक गृहस्थ वडिलांचा संग्रह घेऊन आलेले, तीन ट्रंका, सुंदर सुंदर नमुने, एकावरही चिठ्ठी नाही. वडील वारलेले. मी दोन दिवस बसलो आणि शेवटी मुलांना हाताळायला म्हणून प्रॅक्टिकलच्या टेबलावर ठेवले, दुसरा उपयोगच उरला नव्हता.

म्हणून परत परत सांगतो, उचलू नका. शेजारी पेन नाहीतर नाणं ठेवून फोटो काढा, एक जवळनं, एक लांबनं म्हणजे आजूबाजूचा थर दिसेल, मोबाइलवर लोकेशन सेव्ह करा आणि त्याच आठवड्यात कळवा, दिवाळीनंतर बघू म्हणू नका कारण तोवर तिथं जेसीबी येतो. तुम्ही आता एवढंच करा, आजच्या आज मेव्हण्याला फोन लावा, त्याला आठवतंय ते सगळं त्याच्याच शब्दांत लिहून घ्या, दगड कोरड्या वर्तमानपत्रात वेगवेगळे गुंडाळा, फोडलेल्याचे तुकडेसुद्धा, आणि पुण्याच्या आघारकर संस्थेत किंवा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयात दाखवा. परत धुवू नका.

प्र. उत्क्रांती म्हणतात पण मधले दुवे सापडतच नाहीत, असं एका व्याख्यानात ऐकलं.

उ. वक्त्यानं शोधलेच नसतील. देवमासा जमिनीवरच्या प्राण्यापासून आला याची अख्खी मालिका भारत-पाकिस्तानातल्या खडकांत आहे. त्यातला इंडोह्यस, मांजराहून जरा मोठा खुरांचा प्राणी, सुमारे ४.८ कोटी वर्षांपूर्वीचा, जम्मू भागातल्या कालाकोटचा. भूशास्त्रज्ञ रंगा राव यांनी ते दगड गोळा केले होते, त्यांच्या पश्चात पत्नीनं सांभाळले आणि पुढं संशोधक हान्स थेविसेन यांना दिले. साफ करताना मदतनिसाच्या हातनं चुकून कवटीचा कानाकडचा भाग तुटला आणि आतलं हाड एका बाजूला जाड निघालं, जसं फक्त देवमाशांत असतं. २००७ ला जाहीर झालं. वर्षानुवर्षं पडून असलेले दगड, पण ते कालाकोटचे हे माहीत होतं म्हणून उपयोगी पडले. इचलकरंजीकरांनी हे उत्तरही वाचावं.

प्र. दोन-चार हाडांवरनं अख्खा प्राणी काढतात, थापाच की.

उ. कच्छच्या पानंध्रो खाणीत वासुकी असं नाव दिलेल्या जीवाश्म सापाचे २७ मणके मिळाले. आजच्या सापांत मणक्याची रुंदी आणि सापाची लांबी यांचं नातं मोजता येतं, त्यावरनं लांबी काढली ११ ते १५ मीटर. थाप मारणारा एकच आकडा सांगतो, हे लोक चार मीटरची सूट ठेवतात.

प्र. पूर ओसरल्यावर शिरोळकडं नदीच्या उभ्या काठात मोठं हाड अर्धं बाहेर आलंय. मुलं ओढून काढायच्या बेतात आहेत. (काल आलेला मेसेज)

उ. मुलांना थांबवा. बहुतेक म्हैस असेल, गेल्या पुरातली. पण हाड गाळात खोल, घट्ट मातीत किंवा खडीच्या थरात रुतलेलं असेल, जड लागत असेल तर ते हजारो वर्षांचंही असू शकतं, महाराष्ट्रातल्या नद्यांच्या जुन्या गाळात हत्तींची हाडं निघालेली आहेत. माणसाचं वाटलं तर आधी पोलीस. काठ ढासळतोय म्हणून खाली कुणी उभं राहू नका, वरनं फोटो काढा, लोकेशन आजच पाठवा, मी रविवारी सकाळी येतो, तोवर त्यावर नुसतं एक पोतं टाकून ठेवा.