साबणाच्या डबीतलं औषध

प्रश्न : मावशी, माझी आई 76 वर्षांची आहे. बाबा गेल्यापासून इचलकरंजीच्या घरात एकटीच राहते. तिच्याकडे 1986 साली घेतलेला 165 लिटरचा एकदारी फ्रिज आहे. तो अजूनही बाहेरच्या खोलीत, दारातून आत आल्या आल्या दिसेल असा उभा आहे. वर क्रोशाचं कव्हर, हँडलला रुमाल बांधलेला, दसऱ्याला झेंडूची माळ. दिवाळीत दादाने नवा दोनदारी फ्रिज ठरवला होता, जुना दुकानदार घेऊन जाणार होता. आई दोन दिवस नीट जेवली नाही. शेवटी दादाने ऑर्डर रद्द केली. फ्रिज ही काय आता इतकी जपायची वस्तू राहिली आहे का? तिला कसं समजवावं?
— एक वाचक, पुणे

उत्तर : समजवायला जाऊ नकोस. आधी तिला एवढंच विचार, की हा फ्रिज येण्याआधी बर्फ लागला तर तू कुणाकडे जायचीस? आणि मग तिला बोलू दे.

माझं बालपण कराडचं, सोमवार पेठेतलं. आमच्या बोळात एकोणीस बिऱ्हाडं आणि फ्रिज एक, वकिलांकडे. फ्रिज तेव्हा सरकारदरबारीही चैनीचीच वस्तू होती, त्यावरचं उत्पादन शुल्कही तसंच जबर. वडील शाळामास्तर, पगार हातात साडेचारशे आणि फ्रिज तीन हजारांच्या पुढे. आमच्या घरात त्याचा विषयही निघत नसे.

1974 च्या उन्हाळ्यात आजीची साखर गोळ्यांना दाद देईना, तेव्हा डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू केलं. छोटी काचेची बाटली, वर रबराचं बूच. काचेची सिरिंज रोज पातेल्यात उकळायची आणि वडील सुई टोचायचे. डॉक्टर म्हणाले, औषध गार जागी ठेवा. आमच्याकडे गार जागा म्हणजे माठाखालची ओली वाळू. बाटली प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून आईने तिथे ठेवली. चैत्र संपता संपता एका सकाळी वडिलांनी ती तळहातांमध्ये घोळवली, तर औषध नेहमीसारखं दुधाळ होईना. आत कण कण तरंगत राहिले. ती बाटली फेकून द्यावी लागली. वडील बराच वेळ ती हातात घेऊन खिडकीशी उभे होते.

त्या दुपारी आई वकीलकाकूंकडे गेली. रिकाम्या हाताने जायचं नाही म्हणून वाटीभर आंबेडाळ नेली. मी तिच्यामागे. काकूंनी सगळं ऐकून घेतलं, न्हाणीघरातून एक गुलाबी साबणाची डबी आणली, धुऊन पुसून आईच्या हातात दिली. "यात ठेवा. पण वर बर्फाच्या खणात नको हं, गोठलं तर वाया जाईल." त्यांनाच ते कसं ठाऊक, कोण जाणे.

तेव्हापासून रोज सकाळी सात वाजता डबी आणायची आणि सुई झाली की परत नेऊन ठेवायची, हे काम माझं. मी नऊ वर्षांची होते. काकूंचा फ्रिज आजही जसाच्या तसा डोळ्यांपुढे आहे. दारात अंड्यांसाठी सहा खळगे होते. त्यांच्याकडे अंडं चालत नसे, म्हणून प्रत्येक खळग्यात एकेक लिंबू बसवलेलं. त्याच्या खालच्या कप्प्यात आमची डबी. आत पिवळा दिवा, ओल्या फडक्यात बांधलेला मोगऱ्याचा गजरा, त्याचा गार वास. बर्फाचा ट्रे ॲल्युमिनियमचा, वरची दांडी उचलली की कडकड करत खडे सुटायचे. डबी फ्रॉकच्या घोळात धरून मी धावत घरी यायची. पोटाला तो गारवा लागायचा.

काकू कधी नाही म्हणाल्या नाहीत, चेहऱ्यावर आठीसुद्धा नाही. पण आईची मला ताकीद होती : "हाक मारायची नाही. त्यांना दिसलीस की बोलावतील." म्हणून मी चपला काढून उंबऱ्याशी उभी राहायची. कधी दोन मिनिटं, कधी काकू पूजेत असल्या तर अर्धा तास. एकदा त्यांच्याकडे पाहुणे होते आणि कुणाचं लक्षच गेलं नाही. घरी आजी सुईशिवाय आणि म्हणून चहा-पोळीशिवाय बसलेली, हे मला ठाऊक होतं. तरी मी हाक मारली नाही. आईही त्यावर काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी डबी आणायला ती स्वतः गेली.

फोनचंही असंच होतं. आमच्या नात्यातल्या प्रत्येकाच्या डायरीत आमच्या नावापुढे वकिलांचाच नंबर आणि पुढे पी.पी., म्हणजे फोन शेजारचा, बोलावून घ्यायचं. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं, पण आमच्याकडे टीव्ही दिसायला पुढची कितीतरी वर्षं गेली. गॅसला नंबर लावला होता, तो येईपर्यंत स्टोव्हची पिन आणि रॉकेलची रांग. या सगळ्यावाचून आमचं चालत होतं, त्याचं दुःख मला आठवत नाही. आठवतो तो काकूंचा उंबरा.

आजी 1979 साली गेली. फ्रिज आमच्याकडे आला 1982 च्या अक्षय्यतृतीयेला, पतपेढीचं कर्ज काढून. हातगाडीवरून उभाच आणला, मागे मागे बोळातली सगळी पोरं. मेकॅनिक म्हणाला, चार तास सुरू करू नका. ते चार तास आम्ही सगळे त्याच्यापुढे बसून काढले. आईने हळदकुंकू लावलं आणि पहिला जमलेला बर्फ वाटीत घालून काकूंकडे पाठवला.

तोही बाहेरच्या खोलीतच ठेवला. वडिलांचं म्हणणं होतं स्वयंपाकघरात ठेवू, आत जागा होती. आई ऐकेना. मला वाटायचं, चारचौघांना दिसावा म्हणून असेल. लग्न होऊन मी सासरी निघाले तेव्हा सहज विचारलं. ती म्हणाली, "बाहेर असला की कुणाला दारात थांबायला नको. यावं, उघडावं, घेऊन जावं." फ्रिजबरोबर कुलपाची किल्ली आली होती, ती तिने कधी लावली नाही. आणि दारातला तो खालचा कप्पा, लिंबांच्या खळग्यांखालचा, तिने शेवटपर्यंत मोकळा ठेवला. कुणाच्या डोळ्यांचे थेंब, कुणाचं इंजेक्शन, बोळातलं काही ना काही तिथे असायचंच.

तुझ्या आईच्या मनात हेच असेल असं मी म्हणत नाही. तिची गोष्ट वेगळी असेल, पण असणार नक्की. तू विचारतेस, ही आता जपायची वस्तू आहे का. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या निम्म्याहून कमी घरांत फ्रिज आढळला होता. माझ्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंच्या मुलाचं इन्सुलिन गेली दोन वर्षं माझ्या फ्रिजच्या दारात आहे. घराची एक किल्ली मी त्यांच्याकडे दिली आहे.

आता व्यवहाराचं. इतका जुना फ्रिज वीज जास्त खातो, यात दादाचं चुकत नाही. आधी दाराचं रबर बघा. कागदाची पट्टी दारात धरून दार लावा. पट्टी सहज ओढून निघाली तर रबर सैल झालंय. ते बदलून मिळतं, आणि तेवढ्यानेही फरक पडतो. मागची जाळी वर्षातून दोनदा झटका, भिंतीपासून वीतभर पुढे घ्या. मात्र गॅस गळला तर पंचाईत आहे. त्या काळच्या फ्रिजमध्ये आर-12 गॅस असायचा, आणि ओझोनच्या थराला घातक म्हणून त्याचं उत्पादन 2010 च्या आतच बंद झालं. अशा वेळी मेकॅनिक काहीतरी जुळवून देतो, पण ते फार दिवस टिकत नाही.

तेव्हा नवा घ्याच, फक्त जुना परत देऊ नका. दुकानदार देणार ते हजार-दीड हजार सोडून द्या. नवा स्वयंपाकघरात राहू दे. जुना बाहेर आहे तिथेच, चालेल तोवर चालू द्या. बंद पडला की प्लग काढा आणि आईला त्यात हवं ते ठेवू दे. माझ्या मावशीकडे असाच एक आहे, त्यात पापड-कुरडया ठेवते, मुंगी लागत नाही.

आणि बर्फाचं विचारायला विसरू नकोस. काय म्हणाली ते मला कळव.