भाषण संपवता येत नाही, कारण थांबायची भीती वाटते

"सुरुवात जमते, मधलंही जमतं, पण संपवायचं कसं तेच कळत नाही." कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या माझ्या खोलीत लोक भाषणाची तयारी करायला येतात, तेव्हा ही तक्रार कायम येते. शिक्षक येतात, बँकेतले अधिकारी येतात, निरोप समारंभात बोलायचं म्हणून झोप उडालेले गृहस्थ येतात. बहुतेकांना माझ्याकडून एखादी चारोळी हवी असते. मी देत नाही. भाषण लांबतं ते शब्द सापडत नाहीत म्हणून नव्हे, असं माझं ठाम मत आहे आणि ते एका दूध संस्थेच्या अध्यक्षबाईंमुळे आणखी पक्कं झालं. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

करवीर तालुक्यातलं गाव, महिला दूध संस्था. सप्टेंबरअखेरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यायची होती. बाईंना अहवाल तोंडपाठ होता. माझ्यासमोर त्यांनी तो छान मांडला, "एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवते" असंही म्हणाल्या आणि पुढं दहा मिनिटं बोलत राहिल्या. आभार मानले, मग पशुखाद्य आठवलं, परत आभार, मग "जाता जाता एकच सांगतो", मग "काही चुकलं असेल तर पदरात घ्या". शेवटी चहाच आला म्हणून थांबल्या.

पुढच्या खेपेला मी त्यांना एकच काम दिलं. भाषणातलं शेवटचं वाक्य म्हणायचं आणि मी बोलेपर्यंत गप्प उभं राहायचं. त्यांना ते जमेना. पदर सारखा केला, फाईल उघडली, मिटली, आणि "तर असं हाय बघा" म्हणून परत सुरू.

"गप्प होतात तेव्हा काय आलं मनात?"

"आता ह्या काय म्हणणार, हेच."

"आणि सभेत?"

बाई थोडा वेळ छताकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी बोलतोय तवर कोण मधी बोलत न्हाई मॅडम. मी थांबलो की लोकांची तोंडं सुटत्यात."

इथं मला गाठ सापडली. ज्याला आम्ही भाषणाचा लांबलेला शेवट म्हणत होतो, ती बाईंची ढाल होती. आधीच्या अध्यक्षांच्या वेळी "मंजूर, नामंजूर" करत माईक ओढाओढीपर्यंत प्रकरण गेलेलं त्यांनी पाहिलं होतं. त्यांची भीती हवेतली नव्हतीच.

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांची. माणूस प्रसंगापेक्षा त्या प्रसंगाबद्दलच्या हट्टानं जास्त हैराण होतो, असं ते १९५० च्या दशकापासून मांडत राहिले. म्हणून सरळ विचारलं, "सगळ्यांनी मंजूर म्हटलंच पाहिजे, असं कुठं लिहिलंय?"

"न्हाई लिहिलं."

"नामंजूर म्हणाले तर?"

"तर... मतदान घ्यायचं." आणि एकदम हसल्या. "मग काय हो! नियमच हाय की."

मला वाटतं, खरं काम त्या हसण्यात झालं. पुढची तयारी म्हणजे नुसती कारागिरी होती. आम्ही शेवटचं वाक्य आधी ठरवलं. दुधाची फॅट, म्हणजे स्निग्धांश, बरोबर लागत नाही, ही गावातली जुनी कुरकुर. म्हणून वाक्य असं झालं: "उद्या सकाळी दूध घालायला याल तेव्हा फॅटची पावती वाचा, शंका असली तर तिथंच विचारा, आणि मगच घरी जा." ऐकणाऱ्याला दुसऱ्या दिवशी हातानं करता येईल असं काही सांगितलं की वाक्य लक्षात राहतं. सुविचार सभागृहाच्या दारातच गळून पडतो.

शेवटाला एवढं महत्त्व का, असं कुणी विचारलं की मी मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि सहकाऱ्यांचा १९९३ चा प्रयोग सांगते. एकदा ६० सेकंद १४ अंश सेल्सिअसच्या गार पाण्यात हात ठेवायचा. दुसऱ्यांदा तेच ६० सेकंद आणि वर आणखी ३०, पण त्यात पाणी हळूहळू १५ अंशांवर आणलेलं. यातलं पुन्हा काय कराल, असं विचारल्यावर बहुतेकांनी लांबलेला त्रास निवडला, कारण त्याचा शेवट सुसह्य होता. प्रयोग दुखण्याबद्दलचा आहे, भाषणाबद्दलचा नाही. पण कंटाळवाणी भाषणं ऐकलेल्यांना फरक फारसा जाणवणार नाही.

तुम्हालाही हीच अडचण असेल तर आभार सुरुवातीला नाहीतर मध्ये उरकून घ्या. शेवटचं वाक्य पाठ करा. बाकीचं मुद्द्यांवर बोललात तरी चालेल. वेळ संपल्याची चिठ्ठी आली तर मधलं सगळं सोडून थेट त्या वाक्यावर या. "शेवटी" हा शब्द एकदाच वापरा, आणि त्यानंतर नवा मुद्दा काढू नका. माफी तर मुळीच नको, लोकांना न दिसलेल्या चुका आपणच दाखवतो. वाक्य संपलं की समोर बघत दोन श्वास थांबा. तेवढा वेळ फार मोठा वाटेल. सराव त्याचाच करायचा, घरच्या कुणासमोर.

सभेनंतर बाईंचा फोन आला. पशुखाद्याच्या दरावरून मागच्या रांगेतून प्रश्न आलाच. त्यांनी दोन वाक्यांत उत्तर दिलं, विचारणारीचं समाधान झालं नाही, आणि विषय पुढच्या मासिक बैठकीत घ्यायचं ठरलं. "भांडण झालं का?" मी विचारलं.

"झालं की थोडं," बाई म्हणाल्या, "पण त्या भांडत होत्या, मी बसलोवतो."