ऑक्सिजन नॉट इन्क्लुडेड या वसाहत उभारण्याच्या कॉम्प्युटर गेममध्ये ज्वालामुखीची उष्णता वापरायला कसं शिकावं? यूट्यूबवरचं डिझाइन जसंच्या तसं बांधलं तर चालेल का?

बांधून होईल, शिकून होणार नाही. यावर माझं आणि मामेभावाचं पूर्वीपासून वाजतं, म्हणून प्रश्न दिसल्यावर राहवलं नाही.

त्याचं म्हणणं, लोकांनी डोकं लावून ठेवलंय, आपण टाइल (गेममधले चौकोन) मोजायच्या आणि बांधायचं. बांधलंही हुबेहूब. मॅग्माची टाकी, शेजारी स्टीलच्या मेकनाइज्ड एअरलॉकची (सिग्नलवर उघडणाऱ्या दारांची) रांग, पलीकडे वाफेची खोली, वर वाफेवर वीज बनवणारं स्टीम टर्बाइन. फक्त वाफेचं तापमान बघून दारांना सिग्नल देणाऱ्या थर्मो सेन्सरवर ‘पेक्षा जास्त’ऐवजी ‘पेक्षा कमी’ राहिलं. हिरवा सिग्नल मिळाला की दार उघडतं. म्हणजे वाफ गार असतानाच दारं सताड उघडी, मध्ये व्हॅक्यूम, आणि व्हॅक्यूममधून उष्णता जात नाही. खोली तापेचना. मग याने सेन्सरपासून दारांपर्यंतची सिग्नलची वायर काढून दारं स्वतःच बंद करून टाकली. बंद दार म्हणजे धातूची भिंत, उष्णता धो धो आत आली. २०० अंशांना टर्बाइनने पूर्ण ८५० वॅट दिले आणि हा गेम तिप्पट वेगावर टाकून जेवायला गेला.

आता दारं उघडणारं कोणी नव्हतं. वाफ ३२५ च्या वर गेली, टर्बाइन गार ठेवणारा स्टीलचा अ‍ॅक्वाट्यूनर ओव्हरहीट होऊन मोडला, टर्बाइनचं कूलिंग गेलं, १०० अंश ओलांडल्यावर टर्बाइनही बंद. यावर तो म्हणतो, “व्हिडिओ जुना आहे.” व्हिडिओचा काय संबंध? दार कशासाठी आहे हे माहीत असतं तर सेन्सर उलटा लागलाय हे पहिल्या मिनिटाला दिसलं असतं.

मी त्याला सँडबॉक्समध्ये (गेमच्या मोकळ्या प्रयोगाच्या मोडमध्ये) एवढंच करायला लावलं: दोन धातूच्या टाइल, मध्ये एक दार, आजूबाजूची हवा काढलेली, डावी टाइल भरपूर तापवलेली. एफ३ दाबून तापमान बघत बसायचं. दार उघडं, तर डावी लालभडक आणि उजवी जशीच्या तशी निळी. दार बंद केलं की उजवीचा रंग डोळ्यांदेखत बदलायला लागतो. ज्वालामुखी वापरणं म्हणजे हेच. गेममध्ये मॅग्मा येतो १७२७ अंशांना, स्टील वितळतं २४२७ ला, म्हणून दारं स्टीलची. टर्बाइनला वाफ १२५ च्या वर लागते आणि २०० ला तो पूर्ण वीज देतो, म्हणून सेन्सर ‘२०० पेक्षा जास्त’वर. पाठ करण्यासारखं यात काही नाही.

आणि नुसत्या विजेसाठी ज्वालामुखी वापरणं मला पटत नाही. गेममधली रिफायनरी १० किलो क्रूडमधून (कच्च्या तेलातून) ५ किलो पेट्रोलियम देते. तेच क्रूड ४०३ अंशांपर्यंत तापवलं की सगळंच्या सगळं पेट्रोलियम होतं. दार तेच, सेन्सर तोच, फक्त आकडा वेगळा. मामेभाऊ याला ‘अ‍ॅडव्हान्स्ड बिल्ड’ म्हणतो आणि पुन्हा व्हिडिओ शोधतो.

अर्थात ५३९ च्या वर पेट्रोलियमचा सावर गॅस (वेगळाच वायू) होतो, म्हणजे इथे आकडा चुकला तर पेट्रोलियम हातचं जातं, त्यामुळे पहिला ज्वालामुखी टर्बाइनवरच घ्या. स्टील तयार नसेल तर आत्ता तिकडे खणूच नका. आणि तुमच्याकडचा ज्वालामुखी तांब्याचा किंवा लोखंडाचा असेल तर हे आकडे धरू नका, त्यातून येणारा धातू मॅग्मापेक्षा बराच जास्त गरम असतो.